पडशीतलं पीठ

(दिंडीच्या शताब्दी मेळाव्यात प्रस्थानाआधी केलेल्या भाषणाचे शब्दांकन. वक्त्या निवृत्त आरोग्यसेविका असून दिंडीच्या जुन्या वारकरी आहेत.)



 शंभर वर्षांच्या सोहळ्यात कीर्तन झालं, जुन्या मंडळींचे सत्कार झाले. मला सांगितलं की, ताई, तुम्ही तब्येतीवर चार शब्द बोला. तब्येतीवर बोलायचं म्हटलं की लोक घड्याळ बघतात, मला ठाऊक आहे. म्हणून मी आज फक्त पिठावर बोलणार आहे. पडशीतल्या पिठावर.

आपल्यातल्या सत्तरीच्या पुढच्या मंडळींना सातूचं पीठ म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. तरण्या पोरांसाठी सांगते. गहू आणि डाळं भाजून, दळून केलेलं पीठ. भाजलेलं असल्यामुळं त्याला पुन्हा चूल लागत नाही. पाणी घातलं, गूळ घातला, कालवलं, की जेवण तयार. ही काही आजची युक्ती नव्हे. संस्कृतात याला सक्तू म्हणतात आणि ऋग्वेदातसुद्धा सक्तू चाळण्याचा उल्लेख आहे. बिहारकडचा कष्टकरी माणूस आजही हरभऱ्याचं सत्तू मीठ-लिंबू घालून पितो आणि उन्हात कामाला जातो. तिबेटात जवाचं भाजलेलं पीठ चहात कालवतात. ज्याला चालायचं आहे आणि वाटेत चूल मांडायची सोय नाही, त्या प्रत्येक मुलखातल्या माणसानं हे शोधून काढलंय. आणि आपल्याकडं तर बाजारात डाळ्याचं नावच पंढरपुरी डाळं आहे. वारीला निघालेल्या माणसाला याहून निराळी खूण कशाला पाहिजे?

आपली दिंडी सुरू झाली तेव्हा ट्रक नव्हते, टँकर नव्हते, गॅस तर नव्हताच. जुनी माणसं सांगायची की ज्येष्ठ लागला की गावात रात्री जात्याचा आवाज थांबायचा नाही. बैलगाडीत लाकूडफाटा, भांडी आणि पिठाची गाठोडी. तळावर पोचायला अंधार झाला, पावसानं सरपण भिजलं, तर त्या रात्री सातूवरच भागायचं. आता भिशी भरली की दोन्ही वेळचं जेवण, सकाळचा चहा-नाश्ता. स्वयंपाकाचा ट्रक पुढं जातो आणि आपण पोचायच्या आत पंगतीची तयारी असते. आमच्या स्वयंपाकघरातल्या मंडळींना माझा दंडवत आहे. रात्री दोनला उठून ती माणसं भाकऱ्या थापतात.

आता इथंच एक अडचण आहे. मी पीठ घ्या म्हटलं की दरवर्षी कोणीतरी म्हणतं, "ताई, दिंडीचं जेवण असताना पडशीत वेगळं खायला नेणं बरं दिसत नाही. अन्नपूर्णेवर अविश्वास दाखवल्यासारखं होतं." माउली, हे मला पटत नाही. जेवणाचा ट्रक आणि चालणारी दिंडी यांचे रस्ते बऱ्याच ठिकाणी वेगळे असतात. वाहनं वळवली जातात, गर्दीत अडकतात. आपण इकडं, भाकरी तिकडं. मधले चार-पाच तास कोणाच्या हातात नसतात. तरण्या माणसाला ते कळतही नाहीत. सत्तर वर्षांच्या माणसाला, साखरेचा आजार असलेल्याला, अंगावर पाजणाऱ्या आईला ते कळतात.

पुण्याहून सासवडचा दिवस आठवा. माउलींच्या पालखीची सगळ्या वाटेतली ही सर्वांत लांब मजल, तीस किलोमीटरच्या आसपास, आणि त्यात दिवे घाट. पहाटे पुणं सोडायचं, हडपसर, मग वडकी नाल्याला विसावा आणि दुपारनंतर घाट चढायचा. सासवडला पोचेपर्यंत रात्र. आणि बहुतेक वर्षी याच दिवशी ज्येष्ठातली वद्य एकादशी येते. म्हणजे सगळ्यांत जास्त चालणं त्याच दिवशी, आणि पोटात सगळ्यांत कमी तेही त्याच दिवशी.

काही वर्षांपूर्वी घाटात, दुसऱ्या वळणाच्या वर, आमच्या ओळीतल्या एक मावशी खाली बसल्या. डोक्यावरची तुळस त्यांनी शेजारणीच्या हातात दिली, एवढं भान होतं. मग अंगाला दरदरून घाम, हात थरथरायला लागले, आणि काहीबाही बोलायला लागल्या. आजूबाजूच्या बायका हात जोडून उभ्या राहिल्या. एक जण म्हणाली, मावशींना माउली भेटली. मी पुढं होऊन विचारलं, पहाटे गोळी घेतली का? त्यांची सून म्हणाली, साखरेची गोळी घेतली, उपास म्हणून खाल्लं मात्र काही नाही. अहो, साखर कमी करायची गोळी पोटात आणि पोट रिकामं, त्यावर घाटाची चढण. रक्तातली साखर उतरली होती. आमच्या पताकावाल्या पोराकडं साखरेची पुडी होती. मावशी शुद्धीवर होत्या, घोट गिळत होत्या, म्हणून साखरपाणी पाजलं. पंधरा मिनिटांत डोळे स्वच्छ झाले. मग त्यांना राजगिऱ्याचं पीठ गुळाच्या पाण्यात कालवून दिलं, तास-दीड तास सावलीला बसवलं आणि रुग्णवाहिकेतून तळावर पाठवलं. दुसऱ्या दिवशी सासवडला भेटल्या तेव्हा माझ्यावर रागावल्या होत्या, मला गाडीत का घातलं म्हणून!

यातला क्रम नीट ध्यानात ठेवा. असं झालं तर आधी साखर किंवा गूळ पाण्यातून, कारण ते लगेच लागतं. पीठ सावकाश लागतं, ते त्याच्या मागून. माणूस बेशुद्ध असेल, गिळत नसेल, तर तोंडात काहीही घालायचं नाही. साखर नाही, पाणी नाही, तीर्थसुद्धा नाही. ते नळीत जातं. त्याला कुशीवर वळवायचं आणि डॉक्टरांना बोलवायचं. ज्यांना साखरेच्या गोळ्या किंवा इंजेक्शन आहे त्यांनी निघायच्या आधी आपल्या डॉक्टरांना स्पष्ट विचारायचं, एकादशीला गोळीचं काय करू? मनानं बंद करायची नाही आणि न खाता घ्यायचीही नाही.

तर एकादशीचं पीठ वेगळं. गव्हाचं सातू त्या दिवशी चालत नाही, म्हणून माणसं काहीच नेत नाहीत. राजगिऱ्याच्या लाह्या दळून न्या. त्या फुटलेल्याच असतात, शिजवायला नको. शिंगाड्याचं पीठ तुपावर खमंग भाजून न्या. कच्चं कालवून पिऊ नका, पोट बिघडतं. दाण्याचं कूट चांगलं, पण त्यात तेल असतं, ते लवकर खवट होतं. आठवड्यापुरतंच करा. आणि भगरीचं तयार पीठ, सुटं, उघड्या पोत्यातलं, अजिबात घेऊ नका. भगरीच्या पिठानं विषबाधा झाल्याच्या बातम्या एकादशी, नवरात्र, महाशिवरात्रीला वारंवार येतात. दमट हवेत त्याला बुरशी धरते आणि ती डोळ्यांना दिसेलच असं नाही. भगर खायचीच तर घरी निवडून, धुऊन, शिजवून.

आता रोजचं सातू. घरोघर प्रमाण वेगळं असतं, आणि प्रत्येकीला वाटतं आपल्या सासूचंच खरं. मी माझं सांगते. एक किलो गहू, अर्धा किलो पंढरपुरी डाळं. गव्हाला पाण्याचा हात लावून थोडा वेळ झाकून ठेवायचे, कांडून वरचा कोंडा काढायचा, कडक वाळवायचे आणि मंद आचेवर तांबूस होईपर्यंत भाजायचे. कांडायला सवड नसेल तर तसेच भाजा, पीठ थोडं भरड लागेल इतकंच. डाळं नुसतं गरम करून घ्यायचं. जिरं, सुंठ, दोन-चार वेलदोडे. कोणाला आवडत असेल तर ज्वारीच्या लाह्याही त्यात दळा, पीठ हलकं होतं.

गिरणीत जाताना एक गोष्ट. आपल्या आधी कोणीतरी कच्चे गहू किंवा ज्वारी दळलेली असते. ते कच्चं पीठ गिरणीच्या पोटात राहिलेलं असतं आणि आपल्या पिठात पहिल्यांदा तेच येतं. पहिली दोन-तीन ओंजळ पीठ बाजूला काढायला सांगा, त्याच्या चपात्या करा. उरलेलंच सातूत. आपण हे न शिजवता पिणार आहोत, म्हणून एवढी काळजी. आणि दळून आणलेलं पीठ गरम असतं. ते तसंच पिशवीत बांधलं की आतून घाम धरतं आणि आठ दिवसांत वास मारतं. परातीत पसरा, पूर्ण गार होऊ द्या.

बांधायचं कसं? दोन किलोचं एकच गाठोडं करू नका. रोज चार-पाच मुठी धरल्या तर वीस दिवसांना साधारण दोन किलो होतं. त्याच्या पाच पुड्या करा, जाड प्लास्टिकमध्ये, वरून कापडी पिशवी. एक पुडी पडशीत, बाकीच्या ट्रकमधल्या ट्रंकेत. एक भिजली तर चार शाबूत. आषाढाचा पाऊस आहे, लोणंद-तरडगावला भिजल्याशिवाय कोण पुढं गेलंय? पुडीत ओला हात, ओला चमचा घालायचा नाही. कोरडा चमचा पुडीतच ठेवा. पीठ गोळे धरायला लागलं, कुबट वास आला, जाळी दिसली, की टाकून द्यायचं. वरवरचं काढून खालचं खायचं नाही. बुरशीचं पीठ गुरांनाही घालू नका, त्यांनाही ते बाधतं.

कालवायचं शास्त्र मात्र पोरांना शिकवावं लागतं. परवा एक जण बाटलीत आधी पीठ घालून वरून पाणी ओतत होता, आणि मग ठोकत बसला. पीठ तळाला चिकटून दगड झालं. भांडं कोणतं त्यावर क्रम ठरतो. तांब्या किंवा वाटी असेल तर आधी पीठ, त्यात घोटभरच पाणी, बोटांनी किंवा चमच्यानं घोटून गंधासारखं करा आणि मग बाकीचं पाणी सावकाश. गाठ होते ती कशानं? बाहेरून पीठ भिजतं, त्याचा पापुद्रा होतो आणि आत कोरडं राहतं. एकदम पाणी ओतलं की गाठ झालीच. बाटली असेल तर उलट. आधी पाणी, मग पीठ, मग झाकण लावून हलवा. वर चार बोटं जागा मोकळी ठेवा, नाहीतर हलणार काय? गूळ पाण्यात आधी विरघळवून घ्या, खडा पिठात घातला तर तो शेवटपर्यंत तसाच राहतो. साखरेच्या माणसांनी गूळ नको, ताक आणि चिमूटभर मीठ. रक्तदाब असेल तर मीठही बेतानं. मूत्रपिंडाचा आजार असेल तर डाळ्याचं पीठ किती चालेल ते डॉक्टरांनाच विचारा.

मी स्वतः तांब्यावाली आहे. बाटलीचं तोंड अरुंद, आत हात जात नाही, झाकणाच्या आट्यात पीठ अडकून कुजतं. दुसऱ्या दिवशी त्याच बाटलीत पाणी भरलं की ते पीठ पोटात. स्टीलचा तांब्या राखेनं सुद्धा घासता येतो. ज्यांना बाटलीच न्यायची त्यांनी पिठाची वेगळी आणि पाण्याची वेगळी ठेवावी.

आणि कोरडं पीठ तोंडात टाकून चालायचं नाही. लहानपणी आपण बोकणा भरायचो, मजा वाटायची. पण मुखात नाम आहे, भजन चाललंय आणि त्यात कोरड्या पिठाचा बोकणा, म्हणजे ठसका. म्हाताऱ्या माणसाला तो जिवावर बेतू शकतो. बसा, प्या, मग उठा. पातळ प्या आणि वर अर्धा तांब्या साधं पाणी, कारण भाजलेलं पीठ पोटात जाऊन पाणी ओढतं.

आता खरी धास्ती सांगते. कोरडं पीठ महिना टिकतं. ओलं झालं की ते शिळ्या कढीपेक्षा लवकर नासतं. सकाळी तळावर कालवून बाटलीत भरायचं आणि दुपारी विसाव्याला प्यायचं, हे मी दर वारीत बघते. चार तास उन्हात पाठीवर! दुधात कालवलेलं असेल तर विचारूच नका. कालवलं की लगेच प्यायचं. उरलं तर टाका. अन्न टाकू नये हे मलाही कळतं, म्हणून कालवतानाच थोडं कालवा.

आणि ते ज्या पाण्यात कालवाल ते पाणी. पीठ शिजत नाही, म्हणजे पाण्यातला दोष तसाच्या तसा पोटात. भाकरी तव्यावर भाजते, आमटीला उकळी येते, सातूला काहीच नाही. म्हणून पाणी टँकरचं, जंतुनाशक टाकलेलं, नाहीतर उकळून गार केलेलं. आरोग्य खात्याची मंडळी वाटेत औषधाच्या बाटल्या देतात. त्यावर लिहिलेत तेवढेच थेंब टाका आणि अर्धा तास थांबा. थेंब टाकून लगेच पिण्यात काही अर्थ नाही. शेतातली विहीर, ओढा, नीरेचं पात्र, यातलं पाणी पिठाला नको. चंद्रभागेचं तीर्थ मस्तकी लावा. पीठ कालवायला नळाचंच पाणी घ्या. पांडुरंग रागावत नाही त्यानं.

जुलाब लागले तर सातू बंद करून आधी जलसंजीवनी. तिची पुडी एक लिटर पाण्याची असते, ती एक लिटरमध्येच घालायची. अर्धी पुडी पेल्यात, चव येण्यासाठी वर गूळ, असलं काही करू नका. पुडी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चहाच्या चमच्यानं. त्यात पीठ घालायचं नाही. पोट थांबलं की मग पातळ सातू, ताकभात सुरू करा.

आता नातवंडं आजी-आजोबांना डब्यातली पावडर घेऊन देतात. प्रोटीनची म्हणतात. त्याला मी नावं ठेवणार नाही. कोणाचं ऑपरेशन झालेलं असतं, कोणाला दात नसतात, डॉक्टरांनीच ती सांगितलेली असते. त्यांनी ती आणावीच. पण डबा उघडला की दमट हवेत ती लवकर खराब होते. डब्यातलं मापाचं चमचं घरी विसरू नका, त्यावरच सगळं प्रमाण असतं. पुडीत भरून आणलीत तर वर नाव आणि माप मोठ्या अक्षरात लिहा. पांढरी पावडर आणि चुन्याची पुडी अंधारात सारखीच दिसते. पण ज्याला काही आजार नाही त्यानं केवळ जाहिरात बघून हजार-दीड हजार घालू नयेत. तेवढ्या पैशात आख्ख्या ओळीचं सातू होतं.

यंदा आपण एक ठरवलंय. चोपदार मंडळींशी बोलून झालंय. दिंडीतल्या दर ओळीतल्या एका माणसाकडं एक पिशवी राहील. तिच्यात अर्धा किलो सातू, एकादशीसाठी पाव किलो राजगिऱ्याचं पीठ, साखरेची पुडी, जलसंजीवनीच्या चार पुड्या, एक स्टीलचा पेला आणि पाण्याचं औषध. ही पिशवी ट्रकमध्ये ठेवायची नाही, खांद्यावरच ठेवायची. पिशवीवर ओळीचा नंबर असेल. ज्यांना साखरेचा, मूत्रपिंडाचा किंवा झटक्याचा आजार आहे त्यांनी आपलं नाव, गोळ्यांची नावं आणि घरचा नंबर एका कागदावर लिहून त्या पिशवीवाल्याकडं द्यायचा. लाजायचं नाही. पिशवीवाला जोडीला तरणा असावा, पण त्याला मागच्या म्हाताऱ्यांकडं वळून बघायची सवय पाहिजे, नाहीतर तो टाळ वाजवत पुढं निघून जातो.

पीठ येत्या रविवारी गावच्या देवळात भाजायचं आहे. चुली चार लागतील, कढया मंडळाकडं आहेत, उलथनी आपापली आणा. गहू निवडून आणा, खडे आम्हाला निवडायला लावू नका. सकाळी सातला या.

रामकृष्णहरी.